आडवं न जाणारं चाक

वेव्ह बोर्ड उभा राहू शकत नाही. चाकं दोनच, तीही एकामागे एक. पाय काढला की तो आडवा होतो आणि त्याच्यावर नुसतं उभं राहिलं तरी आडवाच होतो. तोल सापडतो तो चालताना. कॅस्टर बोर्ड हे त्याचं जातीचं नाव. सोसायटीतली मुलं वेव्ह बोर्ड म्हणतात, काही जण रिपस्टिक म्हणतात. ते खरं तर कॅलिफोर्नियातल्या रेझर कंपनीच्या मालाचं नाव. २००० नंतरच्या दशकात हे बोर्ड अमेरिकेतल्या फुटपाथांवर आणि घरांसमोरच्या मोकळ्या डांबरावर दिसू लागले, आणि पुढे आपल्याकडच्या पार्किंगमध्येही आले.

स्केटबोर्डला चार चाकं असतात आणि तो पुढे न्यायला एक पाय जमिनीवर मारत राहावा लागतो. वेव्ह बोर्डवर निघताना एकदाच पाय मारायचा. त्यानंतर दोन्ही पावलं फळीवर. कंबर हलते, पावलं आळीपाळीनं फळीची कड दाबतात आणि बोर्ड नागमोडी वळणं घेत निघतो. सपाटीवर वेग धरतो, थोडा चढही चढतो. जमिनीला पायानं कुणी मागे रेटलेलं नसतं. मग पुढे नेणारा जोर येतो कुठून? बोर्ड चालवायला शिकल्यावरही हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही; शिकल्यावरच तो खऱ्या अर्थानं पडला.

उत्तर चाकात आहे, म्हणून बोर्ड उलटा करून मांडीवर घ्यावा. फळी एक नसून दोन आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या नळीत पिळाची स्प्रिंग आहे. पुढची फळी एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला पिळली की हाताला ताण जाणवतो. सोडली की दोन्ही जागेवर येतात. प्रत्येक फळीखाली पॉलियुरेथेनचं एकेक चाक, रिपस्टिकवर ७६ मिलिमीटर व्यासाचं. प्रवासी बॅगेच्या किंवा ऑफिसातल्या खुर्चीच्या चाकासारखंच तेही स्वतःभोवती गोल फिरतं. फरक एवढाच की खुर्चीच्या चाकाची खीळ सरळ उभी असते आणि इथली साधारण ३० अंश कललेली. सगळी करामत या कलण्यात आहे. बोर्ड सुलटा करून जमिनीवर टेकवावा आणि तळव्यानं फळीची एक कड दाबावी. चाक चटकन वळतं आणि फळी केसभर खाली येते. माणसाचं वजन नेहमी खाली यायला बघतं. कललेली खीळ त्या खाली येण्याचं वळण्यात रूपांतर करते.

आता चाक वळलेलं आहे आणि पाय त्याला बाजूला ढकलतो आहे. चाक आपल्या रोखानं घरंगळतं, पण आडवं सरकत नाही. रस्ता त्याला धरून ठेवतो. आडव्या दिशेनं जाऊ पाहणाऱ्या जोराला तिथे वाट मिळत नाही, म्हणून त्यातला जेवढा भाग चाकाच्या रोखाशी जुळतो तेवढा पुढे निघतो. लगेच दुसरी कड दाबायची, चाक दुसरीकडे वळतं, पुन्हा तेच. ताकद माझ्या पायांची, पण तिला दिशा मिळते चाकाच्या नकारातून. ओल्या गुळगुळीत फरशीवर हे पडताळून बघता येतं. तिथे चाक आडवंही सरकतं, त्याला सगळ्या दिशा मोकळ्या असतात, आणि बोर्ड जागच्या जागी वळवळत राहतो.

या नकाराचा नीट विचार ज्यांनी केला त्यांत हाइनरिश हर्ट्झ यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. कंपनसंख्येच्या एककाला ज्यांचं नाव आहे तेच हे हर्ट्झ. वयाच्या ३६ व्या वर्षी, १८९४ च्या पहिल्या दिवशी ते गेले आणि यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्यामागे प्रसिद्ध झालं. गतीवरच्या बंधनांचे दोन प्रकार त्यात त्यांनी वेगळे काढले. एक बंधन जागांवरच येतं. रुळावरची आगगाडी रुळांपलीकडच्या शेतात कधीही पोचणार नाही. ते शेत तिच्या जगात नाहीच. दुसऱ्या प्रकारचं बंधन फक्त त्या क्षणीच्या हालचालीवर असतं. मोटार आडवी सरकत नाही, पण दोन गाड्यांमधल्या जागेत ती मागेपुढे करत, वळणं घेत, अखेर बसतेच. मोकळ्या मैदानावर अशी एकही जागा नाही आणि असा एकही रोख नाही की जिथे ती पोचू शकत नाही. या बंधनानं तिच्याकडून एकही मुक्काम घेतलेला नाही. घेतला आहे तो फक्त थेट रस्ता.

हा फरक मला यंत्रशास्त्राबाहेरही फार मोलाचा वाटतो. बंधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रूळ येतात: इथपर्यंतच, याच्या पलीकडे नाही. पण माणसानं हौसेनं पत्करलेली कितीतरी बंधनं चाकाच्या जातीची असतात. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. त्यांतलं एक निरोष्ठ आहे. ओठांतून निघणारं एकही अक्षर त्यात येऊ द्यायचं नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म गेले. म गेला म्हणजे ‘राम’ हे नावच गेलं. ज्याची कथा सांगायची त्याचं नाव घेता येत नाही, तरी कथा त्याचीच होते. पावलापावलाला आडकाठी आहे, आणि तरी मुक्काम एकही सुटत नाही. अशा रचनांना कसरत म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्या समीक्षेची सवय जुनी आहे. मला ती पटत नाही. सरळ रस्ता बंद झाल्यावर भाषेला जी वळणं घ्यावी लागतात ती एरवी तिनं घेतली नसती, आणि त्या वळणांवर जे सापडतं ते सरळ रस्त्यावर पडलेलं नसतं.

हर्ट्झ यांच्या नंतर रशियात सेर्गेई चाप्लिगिन यांनी १९११ मध्ये एका साध्या घसरगाडीचं गणित मांडलं. तिला खाली एकच पातं, जे पुढेमागे सरकतं पण आडवं जात नाही. आडव्या न जाण्याचा अभ्यास असा वाढत गेला आणि शेवटी खेळापर्यंत आला. १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्नेकबोर्ड तयार झाला: दोन पावलांसाठी दोन फिरत्या पट्ट्या, मधे दांडा, आणि चालवणाऱ्यानं धड एकीकडे नि पावलं दुसरीकडे पिळत पुढे जायचं. वेव्ह बोर्डचा हा थोरला भाऊ. १९९४ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या अँड्र्यू लुईस, जिम ऑस्ट्रॉव्स्की, रिचर्ड मरी आणि जोएल बर्डिक यांनी त्याच्या गतीवर निबंध वाचला. त्यांना यंत्रमानवांसाठी पायांवाचून चालण्याची तत्त्वं हवी होती, आणि ती मुलांच्या खेळण्यात तयार होती.

त्यातलं मुख्य तत्त्व समजायला मांजराकडे जावं लागतं. १८९४ मध्येच, म्हणजे हर्ट्झ यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं घेतली. मांजर उलटं धरून सोडलं तरी पायांवर उतरतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण हवेत रेटायला काही नसताना ते वळतं कसं, हे विद्वानांना उलगडत नव्हतं. सोडणाऱ्याच्या हाताला रेटून ते वळत असावं असा अनेकांचा समज होता. छायाचित्रांनी तो खोडला. मांजर कमरेत वाकतं, पुढचा भाग एकीकडे फिरवतं, मागचा नंतर फिरवतं, पाय जवळ घेतं, लांब करतं, आणि सरळ होतं. अंगाचा आकार शेवटी पुन्हा सुरुवातीचा झालेला असतो, पण पाठीच्या जागी पोट आलेलं असतं. आकारांचं एक पूर्ण चक्र फिरून आलं आणि त्या चक्रातून एक वळण शिल्लक राहिलं.

बोर्डवर नेमकं हेच घडतं. डावी कड, उजवी कड, पुन्हा डावी. स्प्रिंगचा पीळ होता तेवढाच, गुडघे वाकले होते तेवढेच, खांदे मघाच्याच जागी. अंगात काहीही बदललेलं नाही. बदलली आहे ती पायाखालची जमीन. प्रत्येक चक्र माणसाला होता तसा परत देतं, पण होता तिथे नाही. मंडळाकार फिरणं म्हणजे कुठेच न जाणं, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की रोजच्या कामाला, रियाजाला, जपाला कंटाळून ‘तेच ते’ म्हणतो. तेच ते असूनही जागा बदलू शकते, याला गणिताची पक्की साक्ष आहे, आणि मला तिचा मोठा आधार वाटतो. अट एकच: कुठेतरी जमिनीशी धरून असलेलं, आडवं न जाणारं काहीतरी हवं. मांजराच्या बाबतीत ते काम निसर्गाचा नियम करतो. स्वतःत गिरकीचा साठा नसला की अंगाचा एक भाग वळताना दुसऱ्याला उलट वळावंच लागतं. आमच्या बाबतीत ते काम रस्ता करतो.

‘तेच ते’ खरोखर कधी तेच नसतं, हे निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरशास्त्रज्ञानं दाखवलं. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून त्यानं त्यांच्या हालचालींची छायाचित्रं घेतली. कसलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर पडत होता. पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग प्रत्येक ठोक्याला निराळे होते. कौशल्य म्हणजे एक हालचाल तंतोतंत गिरवणं, ही समजूत त्यानं मोडली. कसलेलं शरीर दर खेपेला प्रश्न नव्यानं सोडवतं. बर्नस्टाइननं आणखी एक गोष्ट ओळखली. शरीराला इतके सांधे, इतक्या दिशा आहेत की नवशिक्याला त्यांचं स्वातंत्र्यच भारी पडतं. म्हणून तो आधी बरेचसे सांधे गोठवून टाकतो आणि मग एकेक मोकळा करतो. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्कीइंगच्या सरावयंत्रावर शिकणाऱ्यांचे सांधे मोजून पाहिले, तेव्हा हाच क्रम दिसला.

आमच्या पार्किंगमध्ये तो क्रम रोज संध्याकाळी दिसतो. नवा मुलगा बोर्डवर चढतो तेव्हा त्याचे गुडघे ताठ असतात, हात आडवे, बोटं पसरलेली, नजर पायांवर. सहावीतली एक मुलगी सगळ्यांना शिकवते. मलाही तिनंच शिकवलं. तिचं शास्त्र तीन वाक्यांचं आहे. “काकू, खाली बघू नका, त्या गेटकडे बघा. कंबर हलवा, हात नाही. आणि थांबू नका, थांबलात की पडाल.” चौथं वाक्य तिच्याकडे नव्हतं. मी विचारलं, पण कंबर हलवायची म्हणजे कशी? तिनं क्षणभर विचार केला, बोर्ड घेतला, चार वळणं घेत खांबापर्यंत गेली, वळून आली आणि म्हणाली, “अशी.”

मायकेल पोलानी या रसायनशास्त्रातून तत्त्वज्ञानात आलेल्या विचारवंतानं १९५८ च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात सायकलवाल्याबद्दल हेच लिहिलं आहे. तोल जितक्या कोनात गेला त्या कोनासाठी वळणाची वक्रता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात राखली की सायकल पडत नाही. नियम अचूक आहे, आणि सायकल चालवणाऱ्या जवळपास कुणालाही तो माहीत नसतो. माहीत झाला तरी उपयोग नाही. गल्लीच्या वळणावर कोण वर्ग करत बसणार? हे ज्ञान शब्दांत यायचं राहून गेलेलं अर्धवट ज्ञान आहे, असं समजण्याचं कारण नाही. ते पूर्णच आहे, फक्त त्याची वस्ती घोट्यात आणि तळव्यात आहे. माझं सगळं आयुष्य शब्दांत गेलं आहे. पन्नाशीत आल्यावर एक दिवस घोट्याला काहीतरी कळलं आणि ते मला सांगता येईना, यात मला फार मोठा आनंद मिळाला.

आणि तरी, हे कशासाठी? गेटपासून खांबापर्यंत चालत जाणं सोपं आहे, सुरक्षितही आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची जी व्याख्या दिली तिचा मथितार्थ असा: ज्या अडचणी टाळता आल्या असत्या त्या आपणहून अंगावर घेऊन पार करणं म्हणजे खेळ. या व्याख्येत मला चाकाचा नकार पुन्हा भेटतो. पाय जमिनीला लावायचा नाही हा नियम काढून टाकला की पोचणं सोपं होतं आणि खेळ संपतो.

रॉजेर कायवा या फ्रेंच विचारवंतानं १९५८ मध्ये खेळांची चार कुळं सांगितली: स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ. चौथं फार थोड्यांच्या लक्षात येतं. तोल मुद्दाम घालवण्यात, जग क्षणभर फिरू देण्यात सुख असतं, आणि जगभरची मुलं स्वतःभोवती गिरक्या घेऊन ते मिळवतात. वेव्ह बोर्ड या कुळातला आहे. प्रत्येक वळणाला तोल जातो. तो गेला नाही तर बोर्ड चालणारच नाही. जाणारा तोल पकडायचा आणि पकडलेला पुन्हा सोडायचा.

मराठी बायकांना हे कुळ परकं नाही. फुगडी आठवा. पावलांना पावलं भिडलेली, हात एकमेकींत अडकवलेले, दोघी मागे रेललेल्या. एकटी कुणीही त्या कोनात उभी राहू शकत नाही. जिचा ओढा मला पाडायला बघतो तिचाच ओढा मला उभी ठेवतो, आणि हातांची पकड दोघींना दूर जाऊ देत नाही म्हणूनच गरका मिळतो. दंडफुगडी, बसफुगडी, पिंगा, झिम्मा, कोंबडा: मंगळागौरीच्या रात्री हे सगळं अंगणात, माजघरात चालायचं, आणि खेळणाऱ्या मुली नव्या नवऱ्या असत. त्यानंतरच्या वयासाठी मात्र आपण बाईला भोवळीचं काही ठेवलं नाही. चालायला जा, योगासनं कर, हे सांगतात. ते चांगलंच आहे, पण त्यात प्रकृतीची काळजी आहे, खेळ नाही. आज मंगळागौरीचे गट स्पर्धांसाठी सराव करतात, सारख्या रंगाच्या नऊवारी नेसून मंचावर उतरतात. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका त्यात मनापासून घुमतात, हे मी पाहिलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते बक्षिसासाठी नसतं. हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड बांधून पहाटे सोसायटीच्या रस्त्यावर येणारी मी त्यांच्याच गटातली आहे असं मी मानते.

राहता राहिली जमीन, आणि ती सगळ्यात मोठी अडचण आहे. हा खेळ ज्या परंपरेतून आला ती जमिनीच्या शोधाचीच परंपरा आहे. समुद्र शांत असला की कॅलिफोर्नियातले सर्फर फळ्यांना चाकं लावून रस्त्यावर लाटा शोधत. सुरुवातीची चाकं धातूची, मग मातीच्या मिश्रणाची. वाटाण्याएवढा खडा आला तरी माणूस पुढे आणि बोर्ड मागे. १९७३ च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली आणि खरबरीत रस्ताही खेळायच्या लायकीचा झाला. १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे हौद कोरडे पडले, तर पोरं त्या हौदांच्या गोलाईत उतरली. ज्यांनी ही जमीन बांधली त्यांच्या मनात खेळ नव्हता. पण ती गुळगुळीत होती, सलग होती, आणि काही काळ तिच्यावर दुसऱ्या कुणाचा दावा नव्हता.

पुण्यात यातल्या पहिल्या दोन गोष्टी अधूनमधून मिळतात. बोर्डवरून शहराची जमीन तळव्यांना जशी कळते तशी बुटांतून कधी कळत नाही. पेव्हर ब्लॉकवर प्रत्येक सांधा पोटरीत वाजतो आणि वेग खाऊन टाकतो. जुन्या डांबरातून खडी वर आलेली असते. तिथे दात एकमेकांवर आपटतात. पार्किंगचं ट्रिमिक्स काँक्रीट चांगलं, पण त्यात पाडलेल्या खाचा चाकाला आपल्या रोखानं ओढतात, म्हणून त्या तिरक्या ओलांडाव्या लागतात. नव्या हॉटमिक्स डांबराला तोड नाही. त्यावर पावलांखालचा आवाजच बंद होतो, आणि कड दाबली की चाक जसं पकड घेतं तसं दुसरीकडे कुठेच घेत नाही.

शहरातली सर्वांत गुळगुळीत, सर्वांत सलग जमीन म्हणजे रस्ते, आणि ती सगळीच्या सगळी आपण वाहनांना देऊन बसलो आहोत. मुलांना पार्किंग, तेही गाड्या येईपर्यंत. आणि कित्येक सोसायट्यांत तिथेही ‘खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी. कोलंबियाच्या बोगोता शहरानं १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोठे रस्ते मोटारींना बंद करायला सुरुवात केली. आज असे रस्ते शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे आहेत आणि त्यांवर सायकली, स्केट, बाबागाड्या सगळं चालतं. पुणे महानगरपालिकेनं २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवायला सुरुवात केली. वर्षातला एक दिवस फार थोडा आहे. दर रविवारी सकाळी सहा ते नऊ, प्रत्येक प्रभागात एक रस्ता, इतकं तरी मागायला हवं. फार मोठा नको, दोनशे मीटर पुरे. डांबर नवं असावं, उतार नसावा, मधे गतिरोधक नसावा, आणि कडेला बसायला एखादा कट्टा असावा, कारण शिकणाऱ्याला पहिले काही दिवस धरायला काहीतरी लागतं.